८ फेब्रुवारीचा सामना: नाश्ता आपणच करायचा का?

प्रेषक: सचिव
११ जानेवारी, रविवार

मंडळी, नमस्कार.

८ फेब्रुवारीला सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना आहे. सामना पार कॅलिफोर्नियात, सांता क्लाराच्या लीवाइज स्टेडियमवर आहे. आपल्या न्यू जर्सीच्या वेळेप्रमाणे संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू होईल. हॉल आणि मोठा पडदा ठरलेला आहे. आतापर्यंत ४० नावं आली आहेत, त्यात १२ मुलं.

प्रश्न खाण्याचा आहे. गेल्या वर्षी आपण बाहेरून मागवलं, माणशी १४ डॉलर पडले आणि दुसरा क्वार्टर (म्हणजे अर्धा खेळ) संपेपर्यंत नाचोजचा, म्हणजे चीज घातलेल्या मक्याच्या चिप्सचा, लगदा झाला. यंदा मध्यंतरात बॅड बनी गाणार आहे, म्हणून मुलांनी लॅटिन पदार्थांचा हट्ट धरला आहे. खजिनदारांनी एकूण १६० डॉलर मंजूर केलेत, म्हणजे माणशी ४. एवढ्यात घरी काही करता येईल का? ज्यांना सुचेल त्यांनी लिहा.

प्रेषक: अप्पा
११ जानेवारी, रात्री

सचिव, मी बटाटेवडे करायला तयार आहे. ४० जणांचे १०० वडे, चटणी, पाव, सगळं बजेटात बसेल. मुलांची हौस मला कळते, पण निम्मे लोक शाकाहारी आहेत आणि ज्येष्ठांना नुसतं चीज आणि चिप्स पुरत नाहीत. त्यांच्या पोटात काहीतरी धड पडलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

प्रेषक: माई
१२ जानेवारी

अप्पा, तुमच्या वड्यांना मी कधी नाही म्हणेन? पण वड्यातला बटाटा अँडीजच्या डोंगरातला आणि त्यातली मिरची मेक्सिकोकडची. दोन्ही पोर्तुगीजांच्या जहाजांच्या काळात आपल्याकडे आले आणि आपलेच होऊन राहिले. तेव्हा त्या स्वयंपाकघरात आपण अगदीच परके नाही. पोटभरीचं म्हणाल, तर तिकडचा सगळा गरिबाघरचा स्वयंपाक मका आणि कडधान्यावरच उभा आहे. चीज हे वरून भुरभुरायचं असतं.

माझ्या कामावरची एक मैत्रीण मूळची मेक्सिकोतल्या पुएब्लाची. ती इथे न्यू जर्सीतच, पसेइकला राहते, तिथे पुएब्लाकडची पुष्कळ कुटुंबं आहेत. तिच्या घरी मी पहिल्यांदा सोपेस खाल्ले. मक्याच्या पिठाची जाडसर, तळहाताहून लहान भाकरी तव्यावर भाजायची आणि गरम असतानाच चिमटीने तिचा काठ वर उचलायचा. पणतीसारखा आकार होतो. त्या पणतीत घोटलेले ब्लॅक बीन्स, वर बारीक कांदा, चुरलेलं केसो फ्रेस्को (तिकडचं ताजं चीज) आणि हिरवा साल्सा. एका हातात मावतं, गळत नाही, पडद्यावरची नजर काढावी लागत नाही.

पिठाबद्दल सांगते, कारण इथेच चूक होते. आपल्या किराणा दुकानातलं मक्याचं पीठ चालत नाही. मी करून पाहिलं आहे; थापायला घेतलं की भेगाच भेगा. 'मासा हरिना' नावाचं पीठ लागतं. त्यासाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यातच रात्रभर मुरू देतात, मग धुऊन दळतात आणि तो ओला गोळा वाळवून पीठ करतात. चुन्यामुळे दाण्याचं साल सुटतं, पीठ एकमेकाला धरून राहतं, आणि मक्यातलं एरवी न पचणारं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. मका युरोपात गेला, पण ही चुन्याची रीत बरोबर गेली नाही, आणि निव्वळ मक्यावर दिवस काढणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या कमतरतेचा रोग, झाला. मेक्सिकोतल्या बायकांच्या हातात ही विद्या हजारो वर्षांची आहे. मैत्रिणीला पीठ मळताना बघते तेव्हा मला हे दरवेळी आठवतं.

दोन वाट्या पिठाला साधारण दीड वाटी कोमट पाणी आणि मीठ. लाडवाएवढा गोळा बोटांत दाबून बघायचा. कडेला भेग गेली तर चमचाभर पाणी आणखी, हाताला चिकटला तर चिमूटभर पीठ. मग पंधरा मिनिटं ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचं. जाड प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये गोळा ठेवून सपाट बुडाच्या वाटीने दाबायचा. तव्यावर दोन्ही बाजू डाग पडेपर्यंत भाजून उतरवलं की लगेच काठ उचलायचा. बोटं भाजतात, म्हणून मी शेजारी गार पाण्याची वाटी ठेवते. पण गार होऊ दिलं तर काठ उभा राहत नाही, तुटतो. दोन किलोच्या एका पिशवीत ८० सोपेस आरामात होतात. आदल्या दिवशी भाजून ठेवता येतात, हॉलवर तेलाचा हात फिरवून ओव्हनमध्ये गरम करायचे.

बीन्स डब्याचे नकोत, सुके घेऊ. एक पौंड सुक्या बीन्सचे शिजून सहा कप होतात, म्हणजे तीन पौंडांत सगळ्यांचं भागतं. कांदा, लसूण, जिरं. मैत्रीण एपाझोते नावाचा पाला घालते, बीन्स बाधू नयेत म्हणून. तो नाही मिळाला तर आपला हिंग आहेच.

ग्वाकामोलेचा, म्हणजे अव्होकाडोच्या चटणीचा, नाद सोडू या. त्या आठवड्यात सगळा देश अव्होकाडोवर तुटून पडतो. त्याऐवजी चार पौंड तोमातियो (हिरवं, आंबट फळ) उकडून, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर आणि फक्त सहा अव्होकाडो घालून मिक्सरमधून काढायचं. मेक्सिकोत टॅकोच्या गाड्यांवर हाच पातळ, आंबट साल्सा असतो. तोमातियो आपल्या रसभरीच्या कुळातला आहे, तसंच कागदासारखं वेष्टन असतं. ते काढल्यावर फळ चिकट लागतं, चोळून धुवा.

सोपेस आणि साल्सा दोन्ही मी करते. मदतीला चार हात हवेत.

प्रेषक: नवी सभासद (विद्यार्थिनी)
१३ जानेवारी

माई, नमस्कार. मंडळात मी नवीन आहे, पण एक गोष्ट सांगावीशी वाटते. माझी रूममेट पोर्तो रिकन आहे, पर्थ अँबॉयची. बॅड बनी पोर्तो रिकोचा. तिच्या घरी रोजच्या जेवणात टॅको नसतो, सोपेस नसतात आणि मिरचीचा तिखटपणाही फारसा नसतो. तिथे केळं, भात, बीन्स, लसूण. त्याच्या गाण्याच्या निमित्ताने आपण फक्त मेक्सिकन पदार्थ ठेवले आणि पाटीवर 'लॅटिन' लिहिलं, तर ते कोल्हापूरच्या पाहुण्यासाठी नुसतं इडली-सांबार करून 'भारतीय जेवण' म्हटल्यासारखं होईल.

तोस्तोनेस करता येतील. हिरवं प्लांटेन (भाजीचं मोठं केळं) जाड कापून तळायचं, चपटं करायचं, पुन्हा तळायचं. तिच्या आजीची पद्धत मी पाहिली आहे: दुसऱ्यांदा तळण्याआधी चपटा तुकडा लसूण-मिठाच्या पाण्यात बुडवून लगेच काढायचा आणि नीट टिपायचा. पहिल्यांदा मी टिपलं नव्हतं, तेल अंगावर उडालं.

प्रेषक: माई
१३ जानेवारी, संध्याकाळी

पोरी, तू अगदी बरोबर बोललीस आणि वेळेवर बोललीस. माझ्या हे लक्षात यायला हवं होतं. तोस्तोनेस पक्के, आणि ते मध्यंतरालाच वाढायचे, गरमागरम. प्रत्येक पदार्थापुढे नाव आणि तो कुठला ते लिहू: सोपेस, मेक्सिको, तोस्तोनेस, पोर्तो रिको. पाट्या तू कर.

एका प्लांटेनचे सात-आठ तुकडे होतात, १८ आणू. आपल्याकडची कच्ची केळी घेऊ नका, ती इतकी पिठूळ नसतात. हॉलवाले तळू देत नाहीत, तेव्हा पहिलं तळणं आणि चपटं करणं घरी. तसे तुकडे फ्रीजरमध्ये छान राहतात. दुसरी फेरी एअर फ्रायरमध्ये, तेलाचा हात लावून. दोन फ्रायर कोण आणेल?

प्रेषक: अप्पा
१४ जानेवारी

तिळगूळ घ्या, गोड बोला. माई, मला पटलं. बीन्स माझ्याकडे द्या. आमच्याकडे मोठा स्लो कुकर आहे, रात्री लावून सकाळी तयार. राजमाही घालू का थोडा, रंगाला?

प्रेषक: माई
१४ जानेवारी

अप्पा, बीन्स तुमचे, पण कृपा करून स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा शिजवू नका. त्यात एक विषारी द्रव्य असतं, ते खळखळून उकळल्याशिवाय मरत नाही, आणि स्लो कुकर कधीकधी तेवढा तापतच नाही. चार दाणेसुद्धा उलट्यांना पुरतात. राजमा नकोच; ब्लॅक बीन्सही भिजवून प्रेशर कुकरमध्येच लावा. मऊ झाल्यावर गरम ठेवायला तुमचा स्लो कुकर उत्तम.

आणि कोणी आयत्या वेळी डब्यातले रिफ्राइड बीन्स आणलेच, तर लेबल वाचा. 'मांतेका' किंवा 'लार्ड' म्हणजे डुकराची चरबी.

प्रेषक: खजिनदार
१८ जानेवारी

हिशेब बसतोय. मुलांसाठी नाचोज मात्र राहू द्या, तेवढी जागा आहे. गेल्या वर्षीसारखा ढीग नको. १९४० च्या दशकात मेक्सिकोतल्या पिएद्रास नेग्रास गावात इग्नासियो आनाया यांनी जे पहिले नाचोज केले (नाचो हे त्यांचंच लाडाचं नाव), ते सुटे होते: एकेका चिपवर चीज आणि मिरचीची एक चकती. ट्रेमध्ये एकच थर लावला तर चीज निम्मं लागतं आणि चिप्स कुरकुरीत राहतात.

वाढण्याचं वेळापत्रकही हवं. खेळ कागदावर ६० मिनिटांचा असला तरी प्रत्यक्षात साडेतीन तासांच्या आसपास चालतो, आणि चीज-बीन्स दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचे नसतात. सुरुवातीला चिप्स-साल्सा, पहिल्या क्वार्टरनंतर निम्मे सोपेस, मध्यंतराला तोस्तोनेस (या सामन्याचं मध्यंतर जवळजवळ अर्ध्या तासाचं असतं), तिसऱ्या क्वार्टरमध्ये नाचोज आणि उरलेले सोपेस. तोवर ते फ्रीजमध्ये.

प्रेषक: सचिव
९ फेब्रुवारी

मंडळी, काल ४३ जण होते. खर्च १४३ डॉलर, पेपर प्लेट्स आणि सरबत धरून. १७ डॉलर परत जमा.

तोस्तोनेस मध्यंतराच्या पहिल्या दहा मिनिटांत संपले. पुढच्या वेळी १८ ऐवजी २५ प्लांटेन लागतील. विद्यार्थिनीची रूममेट आली होती, तिने दुसऱ्या फेरीत फ्रायर हातात घेतला आणि लसणाचं पाणी पुन्हा करायला लावलं, आमचं मिळमिळीत होतं. अप्पांच्या बीन्सचं पातेलं पुसून निघालं. साल्सा मात्र ज्येष्ठांना आंबट वाटला. माईंनी शेवटच्या वाटीत थोडा गूळ घातला, तो चालला.

हॉलमध्ये राहिलेल्या वस्तू: एक बिडाचा तवा, दोन झाकणं, आणि मासा हरिना पिठाची अर्धी पिशवी. तवा कोणाचा?

प्रेषक: अप्पा
९ फेब्रुवारी

तवा माईंचा. पिठाची पिशवी माझ्याकडे द्या, रविवारी नातीला काठ उचलायला शिकवायचं आहे.