मदत हवी आहे : फ्लुटेड बॅरल घ्यावी का?

नमस्कार मंडळी. मुलगी कोल्हापूरच्या दुधाळी शूटिंग रेंजवर ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचा (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून नेमबाजी) सराव करते. स्टँडिंगला रायफल पुढून जड पडते, सीरिज संपता संपता डावा हात थरथरायला लागतो. नवी बॅरल घ्यायचीय, तर फ्लुटेड, म्हणजे बाहेरून लांबीत खाचा मारलेली, घ्या असं एकानं सुचवलं. खाचांमुळं वजन उतरतं हे पटतं. पण त्याच जाडीच्या साध्या बॅरलपेक्षा ती कमी ताठ. ताठ ठरते ती तेवढ्याच वजनाच्या बारीक बॅरलपुढं. लवकर थंड होण्याचा फायदा शिकारीच्या दणकट काडतुसांना, आमच्या पॉइंट टू टूच्या छोट्या काडतुसाला त्याचं काय? आहे त्या बॅरलवर खाचा मारणं तर नकोच, धातूतला ताण मोकळा होऊन बोअर (नळीचं आतलं छिद्र) बदलू शकतो. पुढचं वजन घटल्यावर स्टँडिंगला नेम जास्त हलतो का? की साधीच ठेवून तोल मागं घ्यावा? दोन्ही वापरलेल्यांनी जरूर सांगा.