अनुभव धागा: लांडगा पडद्यावर येईपर्यंत

कोजागिरीला आमच्या कॉलनीच्या गच्चीवर पांढरी चादर बांधून 'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' लावला होता. जॉन लँडिसचा, १९८१ चा. दुधाचे पेले घेऊन ऐसपैस बसलेली मंडळी थोड्याच वेळात एकमेकांना चिकटून बसली, आणि तोवर लांडगा धड दिसलाही नव्हता. तेव्हापासून डोक्यात हेच घोळून राहिलं आहे. नरलांडग्याच्या, म्हणजे पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या माणसाच्या पिक्चरमध्ये भीती बसते ती जनावर दिसल्यावर, की दिसेपर्यंत?

तुमचे अनुभव लिहा, वर नावाऐवजी नागपुरातल्या आपल्या वस्तीचं नाव टाका. कुठला प्रसंग, आणि नेमकं काय झालं की पोटात गोळा आला. कथा फुटेल, तेव्हा ज्यांना पाहायचा आहे त्यांनी आधी पाहून या.

सुरुवात मीच करतो. यॉर्कशायरच्या ओसाड माळावरून डेव्हिड आणि जॅक ही दोन अमेरिकन पोरं पायी चालली आहेत. गावातल्या गुत्त्यात शिरतात. भिंतीवर पाच टोकांची चांदणी काढलेली. ही कशासाठी, असं जॅक विचारतो आणि अख्खा गुत्ता चिडीचूप होतो. डार्ट फेकणाऱ्याचा नेम चुकतो. उत्तर कोणीच देत नाही, रस्ता सोडू नका एवढंच सांगतात. बाहेर पडल्यावर बोलण्याच्या नादात रस्ता सुटतोच. मग तो आवाज. कळतं की तो यांच्याभोवती गोल फिरून राहिला आहे. पळता पळता डेव्हिड घसरून पडतो, त्या पडण्याचं हसू येतं, जॅक त्याला उठवायला हात देतो, आणि झडप! हसल्यावर माणूस सैल पडतो. लँडिसने नेमका तो क्षण धरला आहे.

धरमपेठ
माझ्यासाठी टॉटनहॅम कोर्ट रोडचं भुयारी स्टेशन. रात्री एक गृहस्थ एकटाच फलाटावर उतरतो. सूट-बूट घातलेला. कुठूनतरी गुरगुर ऐकू येते. त्याला वाटतं कोणी टवाळकी करतंय, तो रागावून बोलतोही. मग चालायला लागतो, मग पळायला. लख्ख उजेडातली पांढरी भुयारं, एक वळण, पुढे आणखी एक वळण. बराच वेळ आपण जनावराच्याच नजरेने त्याच्या मागे असतो. शेवटी तो सरकत्या जिन्यावर कोसळतो. कॅमेरा वर, आणि खाली तळाशी लांडगा हळूच चौकटीत येतो. लहानसा दिसतो, आणि लगेच प्रसंग संपतो. अंधार न वापरता एवढी भीती मी दुसऱ्या कुठल्या पिक्चरमध्ये पाहिली नाही. आपली मेट्रो सुरू झाल्यापासून सीताबर्डी इंटरचेंजला रात्री उशिरा जिना चढताना मी हमखास मागे वळून पाहते.

सदर
धागाकर्त्याशी अर्धाच सहमत. माळावर लांडग्याने जखमी केलेल्या डेव्हिडचं लांडग्यात रूपांतर तर भर उजेडात, दिवाणखान्यात, सगळं दाखवून केलं आहे. रिक बेकरचं काम आहे ते. मेकअपसाठी वेगळं ऑस्कर द्यायला लागले तेव्हा पहिलं त्यालाच मिळालं. हाताचा पंजा लांबत जातो तो पाहा. आणि मागे सॅम कुकचं 'ब्लू मून' शांतपणे चालू. मला तिथे जनावराची भीती वाटली नाही, त्या पोराची कणव आली. पण तो प्रसंग एवढा लागतो याचं कारण त्याआधीची मिनिटं. डेव्हिड घरात एकटा आहे. फ्रिज उघडतो, बंद करतो, पुस्तक हातात घेतो. काहीच घडत नाही. आपल्याला माहीत असतं आज पौर्णिमा आहे, आणि लँडिस वाट पाहायला लावतो. म्हणजे दाखवलं तरी चालतं, पण आधी ताटकळवलं पाहिजे.

प्रतापनगर
आई हा पिक्चर पाहत नव्हती, स्वयंपाकघरातून नुसतं ऐकत होती. आमच्यापेक्षा तीच जास्त घाबरली. "बंद कर बाप्पा ते," म्हणाली.

मानेवाडा
मी पेंचच्या जंगलात नेहमी जातो, म्हणून आवाजाबद्दल लिहितो. गाईड जिप्सीचं इंजिन बंद करायला लावतो आणि म्हणतो, "कॉल चालू आहे," म्हणजे वाघाची चाहूल लागून जनावरं इशारा देऊन राहिली आहेत. चितळ ओरडतं, मग झाडावरून वानर. सांबराने कॉल दिला की गाईडचा चेहरा बदलतो, कारण सांबर उगाच ओरडत नाही. वाघ कुठेच नाही, आणि गाडीतली सगळी माणसं श्वास धरून आहेत. पुष्कळदा वाघ दिसतच नाही, तरी तो अर्धा तास विसरता येत नाही. माळावरचा तो प्रसंग ज्याने रचला त्याला हे पक्कं कळलं होतं. चांगल्या भयपटात आधी दुसऱ्या कोणाला तरी सुगावा लागतो, आपल्याला मागाहून.

गायत्रीनगर
२०२१ चा उन्हाळा आठवा. आमच्याकडे बिबट्या दिसल्याची बातमी आली. मी त्याला पाहिलं नाही, पण संध्याकाळी अंगणातला दिवा लावायला जाताना कुंड्यांच्या मागचा अंधार रोजच्यापेक्षा मोठा वाटायचा. मानेवाडावाल्या दादांचं पटलं.

इतवारी
जुन्यापैकी १९४१ चा 'द वुल्फ मॅन' कोणीच घेतला नाही म्हणून लिहितो. लॉन चेनी ज्युनियर पहिल्यांदा बदलतो तेव्हा फक्त पाय दाखवले आहेत. केस वाढत जातात आणि ती पावलं चालायला लागतात. चेहरा बदलताना दिसतो तो अगदी शेवटी, आणि तोही उलटा, लांडग्याचा माणूस होताना. तेव्हाची साधनं तोकडी होती हे खरं, पण पाय पाहताना वरचं सगळं आपलं डोकं रचतं, आणि ते मेकअपपेक्षा भयंकर असतं. आपल्याकडे १९९२ च्या 'जुनून'मध्ये राहुल रॉय पौर्णिमेला वाघ व्हायचा. लहानपणी रात्रभर झोपलो नव्हतो.

जरीपटका
'भेडिया' (२०२२) मला आवडला, पण इथे बसत नाही. तो हसवायलाही निघाला आहे, आणि लांडगा मनसोक्त दाखवतो.

लंडनवाल्या पिक्चरबद्दल एक तक्रार आहे. पिकॅडिली सर्कसमध्ये गाड्यांवर गाड्या आदळतात, माणसं चिरडतात. तिथे थरार आहे, धाकधूक उरत नाही. ती परत येते ती गल्लीत, डेव्हिडवर प्रेम करणारी नर्स ॲलेक्स लांडग्यासमोर उभी राहून बोलते तेव्हा. त्याच्या डोळ्यांत ओळख आहे की नाही, हे ठरवायला दिग्दर्शक आपल्याला दोन-तीन क्षणच देतो. ते क्षण आणखी थोडे लांबवायला हवे होते.