डोक्याला मार लागल्यावर आताचं लक्षात राहत नाही, शेतकाम कसं लावून द्यावं?

तापीकाठ: रावेर तालुका. माणूस ३६ वर्षांचा, मोटरसायकलच्या अपघाताला १४ महिने झाले. जुनं सगळं लख्ख आठवतं, ठिबकची नळी न बघता जोडतो. पण केळीला युरिया सोडला की नाही, ते तासाभरात पुसलं जातं. ‘नाही सोडला’ म्हणतो आणि पुन्हा सोडतो. बदाम, शब्दकोडी यांनी फरक पडेल का?

पिंपळपार: बदाम खाऊ द्या, पण भिस्त त्यावर नको. कोडी सोडवून कोडी जमायला लागतात, युरिया लक्षात राहत नाही. हातात मुरलेलं काम मेंदूत वेगळीकडे साठतं, म्हणून नळी जुळते. नवी आठवण पक्की करणारा भाग दुखावलाय. तो खोटं बोलत नाही, हे घरात सगळ्यांना सांगा.

आठवणीचं काम वस्तूंवर सोपवा. दिवसाचा युरिया सकाळी दुसऱ्याने मोजून एकाच बादलीत ठेवायचा, पोतं कुलपात. बादली रिकामी म्हणजे काम झालं. खत सोडलं की तिथल्या तिथे त्या वॉल्व्हला लाल चिंधी बांधायची. ‘घरी जाऊन लिहू’ म्हटलं की गेलं. फवारणीची औषधं मात्र त्याच्या हाती एकट्याने देऊच नका.

गिरणाथडी: ‘आठवून बघ बरं’ हे आधी बंद करा. अंदाजाने चुकीचं उत्तर दिलं की तीच चूक पक्की होते, कारण ती चूक होती हे त्याच्या लक्षात राहत नाही. चिंधीची सवय लावताना उत्तर आधी सांगा: ‘खत सोडल्यावर काय? चिंधी.’ मग १ मिनिटाने विचारा, जमलं तर २, ४, ८ मिनिटांनी. अडखळला तर लगेच सांगा आणि आधी जमलेल्या अंतरावर परत या.

वही एकच, खिशात मावेल अशी, पेन दोरीने बांधलेलं. तीन वह्या झाल्या की वही कुठे आहे हेच शोधत बसावं लागतं.

तापीकाठ: आणि चिंध्या सोडायच्या कधी?

पिंपळपार: पुढच्या पाळीच्या सकाळी, बादली भरणाऱ्यानेच. विसरणाऱ्याकडे ते काम देऊ नका.

सातपुडा: एक राहिलं. विसरणं हळूहळू कमी होणं किंवा आहे तेवढंच राहणं समजू शकतं. वाढत चाललं, जोडीला डोकेदुखी, गुंगी, एका बाजूचा हातपाय लुळा वाटणं असेल, तर त्याच दिवशी न्यूरोसर्जनकडे न्या. झटका (फिट, आकडी) आला तरीही. सर्दीच्या साध्या गोळीतल्या क्लोरफेनिरामिननेही विसरणं वाढतं, झोप नीट न झाल्यानेही. झटक्याची गोळी मात्र मनाने बंद करू नका.