अनुभव हवेत : निघायचं ठरवूनही पाय का निघत नाही?

‘एवढं होत होतं, तर आधीच का नाही निघालीस?’ नऊ वर्षांनी घर सोडलं तेव्हा सख्ख्या मावशीनंही हेच विचारलं. पाय कशात अडकला होता, तेवढंच लिहा. नावगाव नको.

माझ्यापासून सुरू करते. रात्री नवऱ्यानं हात उचलला की सकाळी तो माझ्याआधी उठून आलं किसून चहा करायचा. कप हातात द्यायचा आणि पायाशी बसून रडायचा. ते रडणं खोटं नव्हतं, मला आजही तसंच वाटतं. पुढचे आठ-पंधरा दिवस घर अगदी हवं तसं असायचं. मी त्या दिवसांसाठी राहिले.

अबोली : आधी धाकटीचं लग्न व्हायचं होतं. मी माहेरी परतले असते तर तिच्या स्थळांना काय सांगणार? मग मुलाची दहावी, मग सासूबाईंचं आजारपण. दर वेळी कारण खरंच होतं गं.

पर्वती : हिंजवडीत बावीस जणांची टीम सांभाळते, पगार त्याच्यापेक्षा जास्त. म्हणूनच लाज वाटायची. संध्याकाळी कॅबनं चांदणी चौक ओलांडला की पोटात गोळा यायचा, आज मूड कसा असेल?

रातराणी : त्यानं बोटही लावलं नाही. फक्त बोलायचा, आणि भाजीच्या दहा रुपयांचाही हिशेब मागायचा. याला छळ म्हणावं का, हेच कळत नव्हतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात शाब्दिक, भावनिक, आर्थिक छळही येतो, हे शिवाजीनगरच्या कोर्टात वकीलबाईंनी सांगितलं, तेव्हा तिथल्याच बाकावर बसून रडले.

धागाकर्ती : रातराणी, बरं झालं लिहिलंस. त्याच कायद्याचं कलम १७ पण वाचा सगळ्यांनी. घर आपल्या नावावर नसलं तरी तिथे राहण्याचा हक्क बाईला आहे. ‘जाऊ कुठे’ या एका भीतीनं माझी चार वर्षं खाल्ली. आणि १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करायला मार बसलेलाच असावा लागतो असं नाही.

नाव नको : मी अजून तिथेच आहे. आधार, पासबुक, मुलीचा जन्मदाखला सदाशिव पेठेत मैत्रिणीकडे ठेवले होते. गेल्या गुरुवारी परत घेऊन आले. तीन आठवडे तो फार चांगला वागतोय.

धागाकर्ती : पुन्हा ठेवून ये. मीही दोनदा परत आणले होते.