डॅलसमध्ये बाल्ड सायप्रस पिवळा पडतोय, पाणी वाढवू की खत?

अंगणकर
नर्सरीतून आणलेलं झाड, उंची साधारण १२ फूट. जमीन काळी, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी. जूनपासून शेंड्याची नवी पालवी पिवळी पडतेय, आतली जुनी मात्र हिरवी आहे. दलदलीतलं झाड म्हणून रोज नळाचं पाणी देतोय. बुंध्याशी फेरस सल्फेट (लोहाचं स्वस्त खत) टाकू का? हिरवळीत गुडघे, म्हणजे मुळांतून जमिनीवर वर येणारे खुंट, येतील का?

चुनखडी
पाणी वाढवू नका. नत्र कमी पडलं की आधी जुनी पानं पिवळी पडतात. इथे नवी पडताहेत, म्हणजे लोह कमी पडतंय. डॅलसची काळी माती आपल्याकडच्या चुनखडीच्या रानासारखीच. सुक्या ढेकळावर व्हिनेगर टाका, फसफसलं तर मोकळा चुना आहे. अशा जमिनीत फेरस सल्फेट टाकलं की लोह लगेच न विरघळणाऱ्या रूपात जातं, पैसे वाया. सामू उतरवायला टाकलेलं गंधकही चुनाच खाऊन टाकतो.

लुइझियानाच्या दलदलीत हेच झाड हिरवंगार असतं, कारण तिथे साचलेल्या पाण्याखाली मातीत प्राणवायू नसतो, त्यामुळे लोह विरघळलेलं राहतं. तुमच्या नळाच्या पाण्यात बायकार्बोनेट (लोह झाडाला मिळू न देणारा क्षार) असेल तर रोजच्या पाण्याने दुखणं वाढतंय.

चिलेटेड लोह घ्या, म्हणजे लोह धरून विरघळलेलं ठेवणाऱ्या रसायनात बांधलेलं, पण पुडक्यावर त्या रसायनाचं नाव ईडीडीएचए लिहिलेलं. दुसरं मिळतं ते ईडीटीए, ते सामू ६.५ च्या पुढे टिकत नाही. मात्रा लेबलप्रमाणे. फांद्यांच्या घेराखाली ओतून लगेच पाणी द्या, उन्हात उघडं राहिलं तर ते निकामी होतं. फरशीवर सांडू नका, लालसर डाग जाता जात नाहीत. आधीच पिवळी पडलेली पानं पूर्ण सुधारतीलच असं नाही, पुढची पालवी बघा. जमीन तीच राहणार, तेव्हा हे अधूनमधून द्यावं लागणार. पाणी आठवड्यातून एकदा, खोल.

पाणथळ
गुडघे ओल्या जागी जास्त, कोरड्यात कमी. कापले तर झाड मरत नाही. भोवतीची माती उकरून जमिनीखाली दोन-तीन इंचांवर कापा, नाहीतर मॉवरचं पातं जाईल. त्यापेक्षा तिथे गवत न ठेवता तीन इंच पालापाचोळा पसरा, खोडाला मात्र टेकवू नका. नवीन झाड घेणार असाल तर मॉन्टेझुमा सायप्रस बघा. टेक्सस-मेक्सिको सीमेवरच्या रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यातला आहे, चुनखडी जास्त सोसतो आणि गुडघे क्वचितच काढतो.

अंगणकर
फसफसलं, चांगलंच. मग नोव्हेंबरात सगळं तपकिरी झालं तर?

पाणथळ
ते होणारच, पानगळीचा सूचिपर्णी आहे. बारीक डहाळ्यांसकट पानं टाकतो. जुलै-ऑगस्टमध्येच तांबूस दिसला तर डहाळी पांढऱ्या कागदावर झटका. हलणारे ठिपके दिसले तर लाल कोळी ही बारीक कीड, पाण्याचा जोरदार फवारा मारा. हिवाळ्यात मेला का शंका आली तर नखाने साल खरवडा, आत हिरवं असेल तर कुऱ्हाड ठेवून द्या.