जुने सेसना 172 घ्यायचे आहे: 70 लाख ही वाजवी किंमत आहे का?

फोंडेकर:

नमस्कार. फोंडा आणि मडगाव येथील आम्ही चार मित्र मिळून एक जुने चार आसनी विमान घेण्याच्या विचारात आहोत. आमच्यापैकी दोघांकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे. पाहिलेले विमान 1978 सालचे सेसना 172 एन असून ते व्हीटी (म्हणजे भारतीय) नोंदणीचे आहे आणि किनारपट्टीवरील एका मालकाकडे आहे. एअरफ्रेमचे (विमानाच्या सांगाड्याचे) 6,200 तास झाले आहेत. इंजिनाचे ओव्हरहॉल (पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती) 2006 मध्ये झाले व त्यानंतर ते 600 तास चालले, परंतु गेल्या तीन वर्षांत विमान जेमतेम 40 तास उडाले आहे. रंगकाम नवे आहे, आतील आसनेही नव्याने मढवलेली आहेत. मालकाची मागणी 70 लाखांची असून इंजिनाचे 1,400 तास अजून शिल्लक आहेत, यावर त्याचा सारा भर आहे. आपल्याकडे असे व्यवहार इतके थोडे होतात की तुलना कशाशी करावी, हेच समजत नाही. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

म्हापशाचा वैमानिक:

फोंडेकरबाब, अमेरिकेतील जाहिराती पाहत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की तिथे छापलेला आकडा ही विक्रेत्याची मागणी असते; सौदा कितीला तुटला हे जाहिरातीत कधीच दिसत नाही. शिवाय विमान इथवर आणण्याचा खर्च, कर आणि डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाची कागदपत्रे यांमुळे तो आकडा रुपयांत बदलून इथे लावता येत नाही. म्हणून मी किंमत खालून वर बांधत जातो, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा इंजिनाचा असतो.

या इंजिनाचा ओव्हरहॉलचा कालावधी 2,000 तासांचा आहे. समजा ओव्हरहॉलला 35 लाख लागतात (हा आकडा केवळ हिशोबासाठी घेतला आहे, आपण दोन ठिकाणांहून लेखी दरपत्रक मागवावे), तर इंजिनाचा प्रत्येक तास 1,750 रुपयांचा होतो. म्हणजे मालक ज्या 1,400 तासांचे पैसे मागत आहे, त्यांची किंमत साडेचोवीस लाख होते. आता प्रश्न एवढाच, की ते तास खरोखर शिल्लक आहेत का. इंजिन बनवणारी लायकमिंग कंपनी तासांबरोबरच 12 वर्षांची मर्यादाही सांगते आणि ती 2018 मध्येच उलटून गेली आहे. माझ्या मते हे 1,400 तास शून्य धरावेत आणि 70 लाखांतून साडेचोवीस लाख वजा करून साडेपंचेचाळीसपासून बोलणी सुरू करावीत. नवा रंग आणि नवी आसने यांना मी फारसे मोल देत नाही. उलट विकण्याच्या थोडे आधी केलेला रंग मला नेहमी अधिक बारकाईने पाहावासा वाटतो.

वास्कोचा एएमई:

हिशोब योग्य आहे, परंतु एएमई म्हणजे विमान देखभाल अभियंता या नात्याने सांगतो, वयाकडे बघून इंजिन सरसकट शून्य धरणे मला पटत नाही. 2006 मध्ये ओव्हरहॉल झालेले इंजिन दर आठवड्याला उडत राहिले असते, तर मी त्याला निम्मे तरी मूल्य दिले असते. खरी काळजी त्या तीन वर्षांतील 40 तासांची आहे. लायकमिंगच्या इंजिनात कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) वरच्या बाजूस असतो. विमान उभे राहिले की त्यावरचे तेल ओघळून जाते आणि आपल्या समुद्री हवेतील ओलावा उघड्या पोलादावर बसतो. जमिनीवर पाच मिनिटे इंजिन फिरवून ठेवण्याने भले होत नाही, कारण तेल पुरेसे तापत नाही आणि आत पाण्याची वाफ मात्र साठते. त्यातच 1977 ते 1980 या काळातील 172 एनमध्ये ओ-320-एच2एडी हे इंजिन आहे, जे कॅम (त्या दांड्यावरचे उंचवटे) आणि टॅपेट (उंचवट्यांवर टेकणारे, झडपांकडे ढकल देणारे भाग) झिजण्यासाठीच ओळखले जाते. त्याचे दोन्ही मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारी यंत्रे) एकाच खोक्यात, एकाच दांड्यावर बसवलेले असतात, त्यामुळे तो भाग नादुरुस्त झाला तर खर्च मोठा येतो.

कॉम्प्रेशनच्या (सिलिंडर हवेचा दाब किती धरून ठेवतो याच्या) आकड्यांवर समाधान मानू नका. 80 पैकी 75 आले तरी त्यातून सिलिंडर आणि झडपा यांचीच स्थिती कळते, झिजलेला कॅम त्यात दिसत नाही. प्रत्येक झडपेची उचल मोजून घ्यावी, तेलाचा फिल्टर कापून त्याची घडी उन्हात उलगडावी आणि चुंबक फिरवून पाहावे. पंखाखालच्या तपासणीच्या झाकण्या सगळ्या उघडायला लावाव्यात; ॲल्युमिनियमचा गंज पांढऱ्या भुकटीसारखा दिसतो आणि रिव्हेटांच्या कडेने आधी येतो. नव्या रंगाखाली किड्याने कोरल्यासारख्या बारीक रेघा दिसल्या, तर तो गंज रंगाखालून पसरत आहे असे समजावे. नाकाच्या चाकामागची फायरवॉल (इंजिन आणि बैठकीची जागा यांमधला पत्रा) सुरकुतलेली असेल, तर कधीतरी विमान जोराने आपटले आहे, मग लॉगबुकात काहीही लिहिलेले असो.

तपासणी करणारा एएमई आपला असावा, मालकाचे विमान नेहमी सांभाळणारा नसावा. एआरसीची (उड्डाणयोग्यता तपासणीच्या प्रमाणपत्राची) मुदत चालू आहे का आणि सर्व एडींची (सुरक्षेसाठी सक्तीने पाळायच्या आदेशांची) पूर्तता लॉगबुकात दिनांकासह नोंदलेली आहे का, हे इसार देण्याआधीच पाहावे. मधल्या वर्षांचे एखादे लॉगबुक हरवले असेल, तर त्यासाठी सरळ मोठी वजावट मागावी, कारण पुढे आपण विकायला काढाल तेव्हा समोरचाही तीच मागेल.

फोंडेकर:

दोघांचेही मनापासून आभार. चवथीनंतर आम्ही एका त्रयस्थ एएमईला घेऊन गेलो आणि दिवसभर थांबलो. लॉगबुके सर्व आहेत, एआरसी चालू आहे, फायरवॉल सपाट आहे. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांचे 72 च्या वर आले. फिल्टर कापला तेव्हा घडीच्या तळाशी चमकदार कण दिसले आणि चुंबक फिरवताच त्यांतील बरेचसे त्याला चिकटले. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट झडपेची उचल बाकी तिघांपेक्षा स्पष्टपणे कमी भरली. डाव्या एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या भागाच्या) पन्हळी पत्र्यावर रंगाखालच्या त्या रेघाही सापडल्या. मी नखाने रंग खरवडला तेव्हा खाली पीठ सांडावे तशी भुकटी निघाली. मालक शेजारीच उभा होता आणि त्यानेही ते पाहिले, त्यामुळे पुढे वाद झाला नाही.

इंजिन शून्य धरून आणि एलेरॉनसाठी दोन लाख कापून आम्ही साडेत्रेचाळीस लाख देऊ केले. त्याने दोन पर्याय ठेवले आहेत: विमान आहे तसे 46 लाखांना, किंवा त्याच्या खर्चाने ओव्हरहॉल करून 80 लाखांना. यात काही खोट दिसते का?

म्हापशाचा वैमानिक:

46 मध्ये 35 मिळवले तर 81 होतात, म्हणजे पैशाच्या दृष्टीने दोन्ही जवळपास सारखेच आहेत. तरीही पहिलाच पर्याय घ्यावा. विकायला काढलेल्या विमानाचे ओव्हरहॉल करताना कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे घालायचे की जुनेच घासून बसवायचे, हा निर्णय विक्रेत्याच्या हाती असतो, आणि या इंजिनात तोच निर्णय सर्वांत महत्त्वाचा आहे.

वास्कोचा एएमई:

सहमत. साडेचव्वेचाळीसपर्यंत तो येईल असे वाटते. मात्र इंजिन उघडल्यावर क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य दांडा) मापात बसला नाही तर त्याचा खर्च कोणी सोसायचा, हे करारात आधीच लिहून घ्यावे.