प्रति: शांत पीसीसाठी वॉटर कूलिंगच हवं का?
शांत पीसी हवा तर वॉटर कूलिंगच (पाणी फिरवून प्रोसेसर थंड ठेवणं), हे वरचं मत तितकंसं पटलं नाही. त्या पाण्याची उष्णता बाहेर टाकणाऱ्या रेडिएटरवर पंखे असतातच, वर पाणी फिरवणाऱ्या पंपाची घरघर. प्रोसेसरवर बसणारा मोठा एअर कूलर आणि हळू फिरणारे १४० मिमीचे पंखे पुरतात.

खरं तर कानाला खुपतो तो आवाजाचा चढउतार. फोटोला एखादा जड फिल्टर लावला की प्रोसेसर क्षणभर तापतो, पंखा घुंई करून चढतो आणि लगेच उतरतो. बहुतेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) पंख्याचा वेग बदलायला काही सेकंदांचा विलंब देता येतो. तो वाढवल्यावर माझ्या रेकॉर्डिंगमधली ही घुंई गेली. ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिटही (ते जास्तीत जास्त किती वीज घेईल ती मर्यादा) थोडी उतरवून बघा. रेंडरला (अंतिम चित्र किंवा व्हिडिओ तयार व्हायला) किंचित जास्त वेळ लागेल, पण उष्णता बरीच घटते. ग्राफिक्स कार्डासारख्या भागांतल्या तारेच्या कॉइलची किणकिण मात्र पंखे बदलून जात नाही.